खवलचोर

मासा विकत घेताना आपण कल्ला उचलून आतला रंग बघतो, अंगठ्याने पोट दाबून बघतो, डोळा तकतकीत आहे ना याची खात्री करून घेतो. तोंडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी मात्र आधी तोंड बघते. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे लागलेली ही खोड, आणि कोल्हापुरात नदीचा मासा घेऊन बसणाऱ्या बायकांना ती आता पाठ झाली आहे. तोंड कुणीकडे उघडतं, ओठ जाड आहेत की पातळ, मिशा आहेत का आणि असल्या तर किती लांब, एवढं बघितलं की हा मासा पाण्याच्या कोणत्या थरात वावरत होता, तिथं काय खात होता, हिंडून खात होता की दबा धरून, यातलं बरंच कळतं.

पाटीतली आळकुट घ्या. बोटभर लांब, चपटी, चंदेरी. तिचं तोंड वर उघडतं. पाण्यावर पडलेला किडा खालून टिपायचा, तर तोंड असंच हवं. मृगळाचं तोंड उलट खाली वळलेलं. तळाचा गाळ आणि कुजलेला पालापाचोळा हे त्याचं अन्न. मरळीचं तोंड डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं असतं. ती झडप घालते असं आपण म्हणतो, पण त्याच क्षणी ती तोंडाची पोकळी एकदम फुगवते. समोरचं पाणी जोरात आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर बेडूक किंवा लहान मासाही आत जातो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. शिंगटीच्या मिशांवर चवीच्या कळ्या असतात; मिशांवरच नव्हे, जवळजवळ साऱ्या अंगावर असतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात, जिथं डोळ्यांचा उपयोग नाही, तिथं ती अंगानेच चव घेत घेत अन्नापर्यंत पोचते.

माझा जीव मात्र मळ्यावर. बाजारात त्याला भाव नाही, कारण तो लहान असतो आणि काट्यांनी भरलेला. पण त्याला उताणा करून बघावं. हनुवटीखाली एक मांसल, गोल चकती असते. घाटातल्या ओढ्यात, जिथं गुडघाभर पाण्यात माणसाचा पाय टिकत नाही, तिथं मळ्या या चकतीने खडकाला धरून राहतो आणि ओठांच्या कडेने खडकावरचं शेवाळ खरवडतो. हिवाळ्यात पाणी नितळ झालं की दगडांवर हिरवट-तपकिरी साय धरते आणि तिच्यात मधेच स्वच्छ केलेले पट्टे दिसतात. ते मळ्याच्या जेवणाचे. हे पट्टे बघायला मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते आणि पोटावर झोपून पाण्यात डोळे घालायला लावते. पुस्तकात ‘शैवालभक्षी’ हा शब्द वाचून जे समजत नाही, ते तिथं दहा मिनिटांत समजतं.

तोंडावरून जे ताडलं ते खरं की नाही, हे पोट सांगतं. कार्पवर्गीय माशांना, म्हणजे रोहू, मृगळ, मळ्या, आळकुट, खडस या सगळ्यांना, जबड्यात दात नसतात आणि जठरही नसतं. दात असतात घशात. तिथं अन्न चिरडलं जातं आणि थेट आतड्यात उतरतं. शेवाळ, गाळ, वनस्पती यांवर जगणाऱ्यांचं आतडं अंगाच्या कित्येक पट लांब असतं. ट्रेमध्ये ते उलगडायला बसलं की उलगडतच राहतं, मुलं कंटाळतात. शिवड्यासारख्या शिकारी माशाचं आतडं त्यामानाने अगदी आखूड, कारण मांस पचायला सोपं असतं. आतड्यातल्या अन्नाचा हिशेब कसा मांडायचा याचीही पद्धत आहे. कोणता घटक किती वेळा सापडला आणि त्याने किती जागा व्यापली, या दोन्हींची सांगड घालणारा एक निर्देशांक नटराजन आणि झिंगरन या आपल्याच मत्स्यशास्त्रज्ञांनी 1961 साली दिला. आजही एम.एस्सी.ची मुलं तोच वापरतात. मुलं आकडे मांडतात आणि मी आकड्यांच्या मागची नदी शोधत बसते.

या नदीत एक मासा आहे, त्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

कृष्णेच्या खोऱ्यात, आमच्या पंचगंगेतही, वीतभरसुद्धा न भरणारा एक निमुळता, चकचकीत मासा मिळतो. मिशा असतात, अंगावर खवले नसतात. आपल्याकडच्या शिंगटीसारख्या मिशाळ माशांना ते नसतातच. त्याचं नाव खवलचोर. मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसायाचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि जातीचं नाव म्हणून हेच मराठी नाव दिलं. त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानेही दख्खनचे मासे नोंदवताना मुल्या, खुद्री, अलकुटी अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावं शास्त्रीय नावांत ठेवली होती. खुद्री म्हणजे आपला खडस, महासीर. त्याचा नमुना साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. पुण्याच्या खालच्या अंगाला आज ती नदी बघितली की ही नोंद वाचताना मन थांबतं. खवलचोराची प्रजाती आणि कुल शास्त्रज्ञांनी नंतर बदललं, पण जातीचं नाव तेच राहिलं.

नावाप्रमाणेच हा मासा दुसऱ्या माशांचे खवले खातो. पहिल्यांदा त्याचं पोट उघडलं तेव्हाचं दृश्य मला अजून दिसतं. जठर हाताला टणक लागत होतं. कात्रीचं टोक आत घालून ते चिरलं, आतलं सगळं बशीतल्या पाण्यात सोडलं, आणि एकावर एक रचलेले खवले नाण्यांच्या चळतीसारखे निघाले. किडा नव्हता, शेवाळ नव्हतं, माशाचा तुकडा नव्हता. चिमट्याने ते सुटे केले. काही जाड आणि पिवळसर, काही पातळ आणि अजून चमकणारे. आतड्यात खाली गेलेले मऊ झाले होते, कडा झिजल्या होत्या आणि सुईने टोचलं तर वाकत होते.

खवल्यात खायला आहे तरी काय, हा प्रश्न मुलं लगेच विचारतात. आहे. खवला हाडाच्याच जातीचा: कॅल्शियम फॉस्फेट आणि त्यात गुंफलेले कोलॅजनचे, म्हणजे प्रथिनाचे तंतू. शिवाय खवल्यावर कातडीचा पातळ पापुद्रा आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्मा; दोन्ही पौष्टिक. ते पचवायला जठरात आम्ल हवं, आणि मिशाळ माशांना जठर असतं. आतड्यात खाली खाली जाताना खवला मऊ का होतो, याचं उत्तर यातच आहे. खवलचोराच्या या आहारावर पुण्यातल्या अभ्यासकांनी अलीकडे बारकाईने काम केलं आहे. वर्तन, तोंडाची रचना आणि पचन या तिन्ही अंगांनी ते तपासलं, आणि हा मासा खवल्यांवरच जगायला घडलेला आहे हे दाखवून दिलं. आपल्या घराजवळच्या नदीतल्या माशावर आपल्या मुलांनी केलेलं काम वाचताना मला जे समाधान मिळतं, ते परदेशी नियतकालिकातल्या कोणत्याही लेखाने मिळत नाही.

खवले खाणारे मासे जगात आणखीही आहेत, आणि गोड्या पाण्यातले जवळजवळ सगळे उष्ण कटिबंधातले. दक्षिण अमेरिकेतल्या एका पिरान्याचे दात पुढे वळलेले असतात, त्यांनी तो येता-जाता खवले खरवडतो. आपल्याकडचा आरपार दिसणारा चंदा नामा हाही खवले खातो. पण सर्वांत विलक्षण गोष्ट आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातली. तिथल्या पेरिसोडस मायक्रोलेपिस या माशाचा जबडा सरळ नसतोच. काहींचा उजवीकडे वळलेला, काहींचा डावीकडे. उजवीकडे वळलेला मासा मागून येऊन भक्ष्याच्या डाव्या कुशीचा लचका घेतो, डावीकडे वळलेला उजव्या कुशीचा. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं मासे तपासले आणि 1993 साली लिहिलं, की या दोन प्रकारांचं प्रमाण निम्म्या-निम्म्याच्या आसपास वर-खाली होत राहतं. कारण साधं आहे. उजव्या जबड्याचे वाढले की सरोवरातले बाकीचे मासे आपली डावी कूस जपायला लागतात. मग डाव्या जबड्याच्या थोड्या माशांना मोकळं रान मिळतं, त्यांचं पोट भरतं, त्यांची पिल्लं वाढतात. पुढे तेच जास्त होतात, आणि पारडं पुन्हा फिरतं. इतर मासे किती सावध आहेत यावर खाणाऱ्याच्या जबड्याची दिशा ठरते! निसर्गनिवडीचं याहून नितळ उदाहरण मला शिकवताना मिळालेलं नाही.

ज्याचे खवले जातात तो मरत नाही. जखम होते, कधी बुरशी धरते, पण बहुतेक वेळा कातडी भरते आणि नवा खवला उगवतो. हा नवा खवला ओळखता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ खवल्यावर मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत बारीक वलयं दिसतात, मासा वाढला तशी पडत गेलेली. गेलेल्या जागी उगवलेल्या खवल्याला मात्र मध्यभागी वलयं नसतात. जागा लवकर भरायची म्हणून शरीर तो घाईने एकदम मोठा करतं, त्यामुळे मधे नुसता कोरा, खडबडीत भाग असतो आणि वलयं त्याच्या बाहेर सुरू होतात. माशाचं वय मोजणारे असे खवले बाजूला टाकतात, कारण त्यांत वयाचा सुरुवातीचा हिशेब नसतो. मी ते जपून ठेवते. रोहटीच्या कुशीवरचे, शेपटीकडचे असे कोरे खवले एका काचपट्टीवर लावून ठेवले आहेत. प्रत्येक कोरा खवला खवलचोरानेच नेला असं म्हणता येत नाही. जाळ्यात घासूनही खवले जातात, खंड्याच्या चोचीनेही जातात. पण तो मासा कशातून तरी वाचला आणि पुन्हा वाढला, एवढं त्या कोऱ्या ठिपक्यात नोंदलेलं असतं.

मला खवलचोर दाखवला तो एका भोई मामांनी. पंचगंगेच्या काठी त्यांची तिसरी पिढी जाळं टाकते. जाळ्यातला खवलचोर ते आधी वेगळा काढतात, कारण तो अडकलेल्या माशांच्या अंगाचे खवले काढतो आणि उघडा पडलेला मासा गिऱ्हाईक घेत नाही. तरुण पोरं म्हणूनच त्याच्यावर चिडून असतात. एकदा एकाने खवलचोर हातात धरून काठावर आपटला, तेव्हा मामा त्याला बोलले, “अरं, चोर ऱ्हातोय त्या घरात काय तरी हाय म्हनायचं. रिकाम्या घरात कोन शिरतंय? माझ्या आज्ज्याच्या टायमाला ह्ये लई असायचं.”

मामांचं हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनाशी फिरवलं आहे, कारण त्यात जीवशास्त्र अगदी बरोबर बसतं. गाळ खाणाऱ्याला गाळ लागतो, शेवाळ खाणाऱ्याला दगड आणि ऊन लागतं. खवलचोराला इतर मासे लागतात, आणि ते खवल्यांचे, वेगवेगळ्या मापांचे, भरपूर हवेत; खवले गेल्यावर पुन्हा उगवायला त्यांना सवड आणि धड पाणी हवं. म्हणजे गाळ, शेवाळ, दगड, किडे, पाण्यावर पडणारी फळं, या सगळ्यावर पोसलेले मासे आधी सुखात असतील, तेव्हा त्यांच्यावर एक खवलचोर जगणार. तो नदीच्या दारिद्र्याचं लक्षण नाही, श्रीमंतीचं आहे. पोट भरायचे इतके मार्ग जिथं आधीच धरले गेले आहेत, तिथं कुणीतरी शेजाऱ्याचे खवले उपसून जगायचा मार्ग काढतो, आणि तो मार्ग हजारो पिढ्या टिकतो, एवढी ती नदी भरलेली असते.

ही श्रीमंती वर्षभर सारखी नसते. आपल्या नद्यांचं वर्ष मृगाने सुरू होतं. पहिले पाऊस झाले की चढणीचे मासे ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून वर निघतात. अंड्यांनी पोट फुगलेल्या मादीचं आतडं बहुधा रिकामं असतं, तिथं अन्नाला जागाच उरत नाही. पिल्लं बाहेर पडतात ती पाण्याखाली गेलेल्या गवतात आणि खाचरात, जिथं पाणी उथळ, कोमट आणि सूक्ष्म जीवांनी गच्च भरलेलं असतं. पुराचं पाणी जमिनीवर पसरतं तेव्हा जमिनीचं सारं अन्न माशांच्या तोंडाशी येतं: गांडुळं, वाळवी, नाकतोडे, गवताचं बी. श्रावणापर्यंत खाण्याची चंगळ असते, आणि या दिवसांत कोण काय खातो याचे नियमही सैल होतात; जे समोर येईल ते सगळेच खातात.

नियम कडक होतात ते उन्हाळ्यात. 1971 साली झॅरेट आणि रँड यांनी पनामातल्या एका ओढ्यातल्या माशांच्या आहाराचा अभ्यास छापला. त्यांना आढळलं, की पाणी आटून अन्न कमी होतं त्या दिवसांत वेगवेगळ्या जातींच्या आहारात साम्य सर्वांत कमी उरतं. टंचाई आली की प्रत्येक जण आपल्या खास वाट्याकडे वळतो, जिथं त्याचं तोंड दुसऱ्यापेक्षा सरस ठरतं. तोंडाचा खरा उपयोग टंचाईतच कळतो. चैत्र-वैशाखात आमच्या नद्यांच्या वरच्या अंगाला धार तुटते आणि पाणी डोहांत उरतं. तेव्हा मळ्या दगड सोडत नाही, वाम वाळूत नाक खुपसून राहते, आळकुट पाण्याचा वरचा थर सोडत नाही. आणि सगळे मासे एका डोहात दाटले की खवलचोराला लांब जावं लागत नाही.

फळांचं मात्र सांगायलाच हवं, कारण मासा फळ खातो हेच आपल्याला खरं वाटत नाही. अमेझॉनच्या खोऱ्यात पूर आला की नदी कित्येक महिने जंगलात शिरलेली असते, आणि झाडांची फळं थेट पाण्यात पडतात. मायकेल गोल्डिंग यांनी 1980 साली या माशांवर आणि जंगलावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला तांबाकी नावाचा मासा मीटरभर लांब होतो आणि दाढांसारख्या दातांनी रबराच्या झाडाचं कठीण बी फोडतो. मऊ फळांच्या बारीक बिया मात्र त्याच्या पोटातून न फुटता पार होतात आणि झाडापासून काही किलोमीटर लांब जाऊन पडतात. म्हणजे हा मासा जंगल पेरतो. आपल्याकडे एवढं विस्तीर्ण पूरजंगल नाही, पण नदीकाठी उंबर आहे. पिकलेलं उंबर पाण्यात टपकलं की खाली खडस जमतो. खडसाच्या घशातले दात शिंपले आणि खेकडे चिरडण्याइतके मजबूत. त्याला शेवाळ चालतं, किडा चालतो, लहान मासा चालतो आणि उंबरही. मामा म्हणतात, “उंबर पिकला की गळाला दुसरं काय लावायचं न्हाई, उंबरच लावायचं.” म्हणून काठावरचं एक उंबर तुटलं की मला नदीचंच काही तुटल्याचं दुःख होतं. रस्ता रुंद करणाऱ्यांच्या हिशेबात त्या झाडाखालचे मासे येत नाहीत.

माणसाने हे तोंडांचं ज्ञान वापरलंही आहे, आणि उत्तम वापरलं आहे. हिरालाल चौधुरी यांनी 1957 साली ओडिशात पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रेरित प्रजनन घडवलं आणि तळ्यातल्या मत्स्यशेतीला बीज मिळायला लागलं. मग एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडायची पद्धत रुजली. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ साफ करतो. कुणी कुणाच्या तोंडचं काढत नाही. आमच्याकडच्या शेततळ्यांतून आज जो मासा निघतो, तो या साध्या हिशेबावर. त्याने कितीतरी घरं उभी राहिली आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हे तिन्ही मासे मूळचे गंगेकडचे. शेततळ्याचा हिशेब धरणाला आणि नदीला लावला, की कृष्णेच्या स्वतःच्या माशांची गणना कुणीच करत नाही. टनांत किती मासा निघाला एवढंच विचारलं जातं. तिलापिया 1952 साली देशात आला. तो काहीही खातो, कशातही वाढतो, आणि त्याच्यामुळे नदी रिकामी दिसत नाही. हीच मोठी अडचण आहे. पाटी भरलेली असते, म्हणून पाटीतली तोंडं किती तऱ्हेची उरली याकडे कुणी बघत नाही.

शिरोळ तालुक्यात बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. मळीचं आणि सांडपाण्याचं पाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात, त्यामुळे ते बऱ्याचदा तगतात. ज्यांना ती सोय नाही ते सगळे जातात. त्या खचात वाकून बघताना मी रडले आहे, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. असा एक दिवस येऊन जातो, पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा वाहते आणि लोकांना वाटतं, मासे परत आले. काही येतात. पण ज्याचं अन्न म्हणजेच इतर मासे, त्याला ते आधी परत यावे लागतात, वाढावे लागतात. त्याचा नंबर सर्वांत शेवटी.

उपाय नाही असं मला वाटत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथं मासा धरायचा नाही, हा तिथल्या लोकांनी पाळलेला नियम, आणि त्या नियमावर खडस पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. काठावरून चुरमुरे टाकले की खालून काळसर पाठी वर येतात, जाड ओठ पाण्याबाहेर निघतात, एकेक चुरमुरा आत ओढला जातो आणि ओठांजवळच्या मिशाही स्पष्ट दिसतात. जिवंत खडसाचं तोंड इतक्या जवळून बघायचं तर तिथंच जावं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तळ्याजवळ याच डॉ. कुलकर्णींनी आणि ओगले यांनी खडसाचं बीज तयार करण्याचं मोठं काम केलं, ते हवंच. पण बीज सोडायला डोह हवा, डोहाच्या वर उंबर हवा आणि तळाला दगड हवेत. वाळू आणि दगड उपसून नेलेल्या पात्रात मळ्याने कशाला धरायचं?

गेल्या हिवाळ्यात मामांच्या वस्तीवर बैठक झाली. नदीच्या वळणावरचा एक खोल डोह होळीपासून मृग लागेपर्यंत जाळ्याविना ठेवायचा, असं मामांचं म्हणणं. तरुणांचं म्हणणं वेगळं, आणि मला ते चुकीचं वाटलं नाही: उन्हाळ्यातच मासा एका जागी सापडतो, त्याच दिवसांत मुलांच्या शाळेचे पैसे भरायचे असतात, मग आम्हीच का थांबायचं? शिवाय खवलचोर वाढला तर तोटा आमचाच. रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. अखेर निम्म्या डोहावर तडजोड झाली: खडकाकडची बाजू सोडायची, वाळूकडच्या बाजूला जाळं टाकायचं. मी त्यांना सांगितलं ते एवढंच, की खडकाच्या बाजूला शेवाळ आहे, कपारी आहेत, वर उंबर आहे. सोडायची तर तीच बाजू सोडा. त्यांनी ते मान्य केलं, कारण त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं.

अडचण आहे ती पलीकडच्या काठाची. तो दुसऱ्या गावचा आणि तिथं अजून बोलणं झालेलं नाही. मामांनी परवा फोन केला. म्हणाले, “बाई, रविवारी या. आधी पोलीसपाटलाकडं जाऊ, मग त्यांच्या पोरांस्नी बोलवू. आन्‌ येताना तुमची ती दुर्बीन घ्या, खवले बघायची. नुसतं सांगून कोन ऐकतंय.”